आमवात: नवे संशोधन आणि आठवड्याची जुनी गोळी

२०२५ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रन्को, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची या तिघांना मिळाले. रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच शरीरावर हल्ला का करीत नाही, आणि ज्यांच्या बाबतीत करते त्यांच्यात नेमके काय बिघडलेले असते, या प्रश्नावरचे त्यांचे काम आहे. ही बातमी आल्यापासून आमच्या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत एक प्रश्न वारंवार कानावर येतो. ‘सर, आता आमवात मुळापासून बरा होणार म्हणतात. ते औषध आपल्याकडे कधी येणार?’

ओपीडीत एका रुग्णाच्या वाट्याला पाच मिनिटेही येत नाहीत. तेवढ्यात या प्रश्नाचे उत्तर देता येत नाही, म्हणून ते इथे सविस्तर देतो. संशोधकांच्या हाती खरोखर काय लागले आहे, त्यातले आज काय वापरता येते, कशासाठी थांबावे लागेल आणि थांबण्याच्या काळात काय करायचे, हे प्रत्येक सांधेदुखीच्या रुग्णाला आणि त्याच्या घरच्यांना माहीत असायला हवे.

सगळाच ‘वात’ आमवात नसतो

आपल्याकडे कोणताही सांधा दुखला की ‘वात आहे’ म्हणतात. पण साठीनंतर गुडघे दुखतात ते बहुतेक वेळा झिजेमुळे. हाडांच्या टोकांवरची कूर्चा पातळ होते, चालले की दुखते, बसले की बरे वाटते. सकाळी थोडे आखडल्यासारखे होते, पण चार पावले टाकली की सुटते.

आमवात, म्हणजे रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, हा वेगळा आजार. तो ऐन तिशी-चाळिशीतही गाठतो. बोटांच्या मुळाचे आणि मधले सांधे, मनगटे, पायांचे पंजे सुजतात, तेही सहसा दोन्ही बाजूंचे. सकाळचा ताठरपणा अर्धा-पाऊण तास, कधी दुपारपर्यंत टिकतो. विश्रांतीने दुखणे वाढते, कामाला लागले की थोडे सैल होते. बायका सांगतात, ‘भाकरी थापता येत नाही, धुणे पिळता येत नाही, बांगडी चढत नाही.’ पुरुष सांगतात, ‘मोटारसायकलचा क्लच दाबला जात नाही.’ अशी दोन वाक्ये ऐकली की निम्मे निदान झालेले असते.

हा आजार श्रीमंतांचा किंवा शहरांचा नाही. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणमध्ये डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये घरोघर जाऊन चार हजारांहून अधिक प्रौढांची पाहणी केली. जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘कॉपकॉर्ड’ या कार्यक्रमातली ती पाहणी होती. गावातल्या सुमारे १८ टक्के प्रौढांना सांध्यांचे, स्नायूंचे किंवा पाठीचे दुखणे होते आणि दर हजारी सुमारे पाच जणांना आमवात होता. पाच हा आकडा लहान वाटतो. पण तीन लाख प्रौढांच्या एखाद्या तालुक्याला तो लावून पाहा. दीड हजार रुग्ण होतात, आणि त्यांतले बरेच कमावत्या किंवा घर सांभाळण्याच्या वयातले असतात.

आमवात एकटा नाही. त्वचा, सांधे, मूत्रपिंडे, रक्त अशा सगळ्यांवर घाला घालणारा ल्युपस, कातडी दगडासारखी घट्ट करणारा स्क्लेरोडर्मा, स्नायूंना सूज आणणारा मायोसायटिस, तरुण मुलांची पाठ ताठ करणारा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस ही सगळी त्याची भावंडे. लहान मुलांत होणारा टाइप १ मधुमेह हाही याच मोठ्या कुटुंबातला. या सर्वांत रोगप्रतिकार यंत्रणा कमकुवत नसते, ती चुकीच्या लक्ष्यावर काम करीत असते. त्यामुळे करोनानंतर घरोघरी पोचलेले ‘इम्युनिटी बूस्टर’ घेऊन या आजारात काही साधत नाही.

आवर घालणाऱ्या पेशी

आपल्या रक्तात फिरणाऱ्या टी-पेशी छातीच्या हाडामागे असलेल्या थायमस ग्रंथीत तयार होतात. ज्या टी-पेशी शरीराच्याच घटकांना शत्रू समजतात, त्यांची तिथेच विल्हेवाट लावली जाते. बराच काळ असे मानले जाई की एवढी चाळणी पुरेशी आहे. पण चाळणीतून काही पेशी सुटतातच. मग सर्वांनाच असे आजार का होत नाहीत?

साकागुची यांना उंदरांवरच्या एका जुन्या प्रयोगाने विचारात पाडले होते. जन्मल्यानंतर तिसऱ्या दिवशी उंदराच्या पिल्लाची थायमस काढली, तर त्याची प्रतिकारशक्ती कमी होईल असे वाटावे. प्रत्यक्षात ती अनावर होऊन पिल्लांना स्वतःच्या शरीरावर हल्ला करणारे आजार होत. याचा अर्थ थायमसमधून आवर घालणाऱ्याही काही पेशी बाहेर पडत असल्या पाहिजेत. १९९५ मध्ये साकागुचींनी त्या पेशी ओळखून दाखवल्या. त्यांना आज ‘नियामक टी-पेशी’ म्हणतात.

ब्रन्को आणि रॅम्सडेल दुसऱ्या वाटेने तिथेच पोचले. अमेरिकेतल्या एका प्रयोगशाळेत १९४० च्या दशकात उंदरांची एक जात आढळली होती. तिच्यातल्या नर पिल्लांची कातडी खवल्यांसारखी सुटे, प्लीहा सुजे आणि ती थोड्याच आठवड्यांत मरत. या दोघांनी त्या जातीतला सदोष जनुक शोधून २००१ मध्ये जाहीर केला. त्याचे नाव फॉक्सपी-३. याच जनुकात दोष असलेल्या मुलांना ‘आयपेक्स’ नावाचा दुर्मीळ, गंभीर आजार होतो हेही त्यांनी दाखवले. दोनच वर्षांनी स्पष्ट झाले की नियामक पेशी घडतात त्या याच जनुकाच्या हुकमाने.

हे ऐकल्यावर पुढचा विचार सुचतोच. रुग्णाच्या नियामक पेशी वाढवल्या किंवा बाहेर तयार करून परत दिल्या, तर? त्या दिशेने माणसांवर चाचण्या सुरू आहेत. पण नोबेल मिळाले ते शोधासाठी. त्यावर उभे राहिलेले, आमवातासाठी मंजूर झालेले औषध अजून बाजारात आलेले नाही. बातमी आणि औषध यांच्यातले हे अंतर लक्षात ठेवले की पुढच्या गोष्टी नीट कळतात.

बायकांनाच जास्त का?

ल्युपसच्या दहा रुग्णांतल्या सुमारे नऊ स्त्रिया असतात. आमवातातही स्त्रियांचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. हार्मोन्सचा वाटा असतोच. पण २०२४ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी एक वेगळा धागा पुढे आणला. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात आणि त्यांतले एक गप्प बसवावे लागते. हे काम ‘झिस्ट’ नावाचा आरएनए रेणू करतो. तो अनेक प्रथिने सोबत घेऊन त्या गुणसूत्राला वेढतो. पेशी मेल्यावर हे गाठोडे बाहेर पडते आणि काही जणींची प्रतिकार यंत्रणा त्यातल्या प्रथिनांविरुद्ध प्रतिपिंडे बनवू लागते. संशोधकांनी नर उंदरांत हा रेणू तयार होईल अशी व्यवस्था केली. मग ल्युपससारखा आजार जडवण्याचा प्रयत्न केला, तेव्हा तशी प्रवृत्ती असलेल्या जातीच्या त्या नरांना तो इतर नरांपेक्षा जास्त झाला.

एक्स गुणसूत्र बदलता येत नाही, पण काही कारणे हातातली आहेत. धूम्रपान आणि आमवात यांचा संबंध पक्का आहे. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांत तो जास्त आढळतो, अधिक तीव्र असतो आणि औषधांना दादही कमी देतो. हिरड्यांचा जुनाट आजारही आमवाताच्या रुग्णांत अधिक दिसतो. आंबट, वांगी, बटाटा, हरभऱ्याची डाळ असे ‘वातूळ’ पदार्थ मात्र उगाच बदनाम आहेत. ते खाल्ल्याने आमवात होतो किंवा वाढतो याला भक्कम पुरावा नाही. उलट डाळी, दही, ताक बंद करून आधीच रक्त कमी असलेल्या बाया आणखी अशक्त होऊन येतात.

कर्करोगाच्या औषधातून आलेला उपाय

आमवातावरचे पहिले चमत्कारिक औषध म्हणजे कॉर्टिसोन. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये सप्टेंबर १९४८ मध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी ते एका तरुण स्त्रीला दिले. खाटेला खिळलेली ती रुग्ण काही दिवसांत चालू लागली. १९५० चे नोबेल हेंच, एडवर्ड केंडल आणि टाडेउश राइखश्टाइन यांना मिळाले. पण पुढे स्टेरॉइडचे दुष्परिणाम दिसू लागले. चेहरा सुजणे, साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, जंतुसंसर्ग होणे. स्टेरॉइड आजही अत्यंत उपयोगी आहे, पण थोड्या मात्रेत, थोडा काळ आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

आज जगभर आमवाताचा पाया असलेले औषध मात्र वेगळेच आहे, आणि त्याच्या जन्मकथेत एक भारतीय माणूस आहे. आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीच्या संशोधनाचे प्रमुख होते. फॉलिक अ‍ॅसिड या जीवनसत्त्वाला आडकाठी करणारी रसायने त्यांच्या चमूने तयार केली. त्यांतले अमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी रक्ताच्या कर्करोगाच्या मुलांना दिले आणि १९४८ मध्ये निष्कर्ष जाहीर केले. त्याच घराण्यातले मेथोट्रेक्सेट. १९५१ मध्ये अमिनोप्टेरिनचा आमवातावर उपयोग होतो असे दिसले होते, पण तेव्हा सगळ्यांचे डोळे कॉर्टिसोनने दिपलेले होते. १९८० च्या दशकात काटेकोर चाचण्या झाल्या आणि १९८८ मध्ये अमेरिकेत आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला परवानगी मिळाली.

कर्करोगात हे औषध मोठ्या मात्रेत देतात. आमवातात त्याच्या अगदी छोट्या अंशाएवढी मात्रा, आणि तीही आठवड्यातून एकदा. ‘कर्करोगाचे औषध’ हे शब्द ऐकून किंवा इंटरनेटवर वाचून अनेक जण ते परस्पर बंद करतात. हातांची बोटे करंगळीच्या बाजूला झुकल्यावर परत येतात, तेव्हा सूज उतरवता येते, पण बोटे सरळ करता येत नाहीत.

लंडनचा शोध आणि आपला क्षयरोग

१९८० च्या दशकात लंडनच्या केनेडी इन्स्टिट्यूटमध्ये मार्क फेल्डमन आणि रविंदर मैनी यांनी आमवाताच्या सुजलेल्या सांध्याच्या अस्तराचा अभ्यास केला. मैनी यांचा जन्म लुधियानाचा. सांध्यात जळजळ पेटवणाऱ्या अनेक प्रथिनांत ‘टीएनएफ’ हे मुकादमासारखे वागते, त्याला अडवले की बाकीची थंडावतात, असे त्यांना आढळले. १९९२ मध्ये त्यांनी टीएनएफला अडवणारे प्रतिपिंड पहिल्यांदा रुग्णांना दिले. त्यातून इन्फ्लिक्सिमॅब, इटॅनरसेप्ट, अ‍ॅडॅलिम्युमॅब अशा ‘बायोलॉजिकल’ औषधांची पिढी आली. अ‍ॅडॅलिम्युमॅबची जगातली पहिली तुल्य प्रत डिसेंबर २०१४ मध्ये एका भारतीय कंपनीने बाजारात आणली आणि किमती खाली आल्या. तरीही हा खर्च महिन्याला काही हजारांच्या घरात जातो.

या औषधांची दुसरी बाजू आपल्या देशात विशेष महत्त्वाची आहे. क्षयाचे जंतू अनेकांच्या फुप्फुसात वर्षानुवर्षे झोपलेले असतात. प्रतिकार पेशी त्यांच्याभोवती कोट उभारतात आणि तो कोट टिकवून धरण्यात टीएनएफचा मोठा वाटा असतो. टीएनएफ अडवले की कोट ढासळतो. इन्फ्लिक्सिमॅब घेणाऱ्या ७० जणांना क्षय झाल्याचा अहवाल २००१ मध्ये आला, तेव्हा जग सावध झाले. म्हणून ही इंजेक्शने सुरू करण्याआधी छातीचा एक्स-रे, मॅन्टू किंवा रक्ताची ‘इग्रा’ चाचणी, आणि सुप्त क्षय आढळल्यास प्रतिबंधक गोळ्या, हे टाळून चालत नाही. ‘तपासण्या कशाला, इंजेक्शन द्या’ असा आग्रह धरू नये.

त्यानंतर आल्या ‘जॅक’ गटातल्या गोळ्या. टोफॅसिटिनिबला अमेरिकेत २०१२ मध्ये मंजुरी मिळाली. आता आपल्याकडे तिच्या अनेक भारतीय आवृत्त्या मिळतात आणि इंजेक्शनांच्या मानाने त्या बऱ्याच स्वस्त आहेत. गोळी असल्यामुळे ती सहज सुरू होते, आणि काळजीचे कारणही तेच आहे. पन्नाशी ओलांडलेल्या आणि हृदयविकाराचा धोका असलेल्या रुग्णांच्या मोठ्या चाचणीत टीएनएफ-विरोधी औषधांच्या तुलनेत या गोळीने हृदयविकार आणि कर्करोगाचे प्रमाण थोडे जास्त दिसले. रक्ताच्या गुठळ्यांबाबतही इशारा देण्यात आला आहे. नागीणही अधिक जणांना होते. औषध वाईट आहे असा याचा अर्थ नाही. कोणाला द्यायचे आणि कोणाला नाही, हे तपासून ठरवावे लागते.

पेशींनाच औषध बनवण्याची गोष्ट

आता सर्वांत गाजलेल्या बातमीकडे वळू. जर्मनीतल्या एर्लांगन विद्यापीठात प्राध्यापक गेऑर्ग शेट यांच्या चमूने २०२१ मध्ये तीव्र ल्युपस असलेल्या वीस वर्षांच्या तरुणीवर ‘कार-टी’ उपचार केले. ही पद्धत रक्ताच्या कर्करोगासाठी शोधली गेली. रुग्णाच्याच टी-पेशी रक्तातून वेगळ्या काढतात. प्रयोगशाळेत त्यांच्यात एक नवा जनुक घालतात. त्यामुळे त्या बी-पेशींवरची ‘सीडी-१९’ ही खूण ओळखू लागतात. मग थोडी केमोथेरपी देऊन या पेशी परत शिरेतून सोडतात. त्या शरीरातल्या बी-पेशी शोधून संपवतात. ल्युपसमध्ये घातक प्रतिपिंडांचे मूळ या बी-पेशींत असते.

२०२४ मध्ये याच चमूने १५ रुग्णांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यांत आठ ल्युपसचे, तीन मायोसायटिसचे आणि चार स्क्लेरोडर्माचे रुग्ण होते. ल्युपसचे आठही जण रोगमुक्त स्थितीत गेले, बाकीच्यांचा आजारही उतरला, आणि पंधराही जणांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे बंद करता आली. विशेष म्हणजे सरासरी चारेक महिन्यांत बी-पेशी पुन्हा तयार झाल्या, पण त्या कोऱ्या पाटीसारख्या होत्या. जुना आजार सोबत घेऊन आल्या नाहीत. बहुतेकांना उपचारानंतर ताप आला आणि एकाला न्यूमोनियासाठी दाखल करावे लागले.

तीस वर्षांत ल्युपसबाबत असे काही मी वाचले नव्हते. पण रुग्ण पंधरा होते, त्यांच्यावर लक्ष ठेवण्याचा काळ सरासरी सव्वा वर्षाच्या आसपास होता, आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. शिवाय कर्करोगासाठी कार-टी घेतलेल्या काही रुग्णांत नंतर टी-पेशींचाच कर्करोग आढळल्याने अमेरिकेच्या औषध नियामकाने जानेवारी २०२४ मध्ये तसा इशारा औषधांवर छापायला लावला. प्रमाण फार कमी आहे. पण कर्करोगाने मृत्यू समोर दिसत असताना घेतलेला धोका आणि तिशीतल्या आमवाताच्या रुग्णाने घ्यायचा धोका यांत फरक आहे. म्हणून सध्या हे उपचार इतर औषधांना दाद न देणाऱ्या गंभीर रुग्णांवर, चाचण्यांच्या चौकटीतच केले जात आहेत.

महाराष्ट्राच्या दृष्टीने यात एक आशेची गोष्ट आहे. मुंबईच्या आयआयटी आणि टाटा मेमोरियल सेंटर यांच्या संशोधनातून भारताचे पहिले कार-टी औषध तयार झाले. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याला रक्ताच्या काही कर्करोगांसाठी परवानगी मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते ते देशाला अर्पण झाले. त्याची किंमत अमेरिकेतल्या अशा उपचारांच्या सुमारे दहाव्या हिश्श्याएवढी आहे. तरी ती लाखांत आहे. तंत्र मात्र आपल्या दारात आले आहे आणि पुढे ते ल्युपसकडे वळवायचे तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागणार नाही.

आजार सुरू होण्याआधीच

संशोधनाचे दुसरे टोक मला अधिक महत्त्वाचे वाटते. आमवाताच्या अनेक रुग्णांच्या रक्तात ‘अँटी-सीसीपी’ ही प्रतिपिंडे सांधे सुजण्याच्या काही वर्षे आधीपासून असतात. मग त्याच काळात औषध दिले तर आजार टाळता येईल का? ब्रिटन आणि नेदरलँड्समधल्या २१३ जणांवर याची चाचणी झाली. सांधे दुखत होते, प्रतिपिंडे होती, पण सूज नव्हती, अशी ही माणसे. निम्म्यांना वर्षभर अ‍ॅबाटासेप्ट हे टी-पेशींना शांत ठेवणारे इंजेक्शन दिले, बाकीच्यांना नुसतेच. २०२४ मध्ये निष्कर्ष आले. वर्षअखेर औषध घेणाऱ्यांपैकी ६ टक्क्यांना तर न घेणाऱ्यांपैकी २९ टक्क्यांना सांध्यांचा आजार जडला होता. पण औषध थांबवून आणखी एक वर्ष गेल्यावर हे आकडे २५ आणि ३७ टक्के झाले. म्हणजे औषधाने आजार लांबवला, पण कायमचा अडवला असे म्हणता येत नाही. शिवाय २९ टक्क्यांना झाला याचा अर्थ ७१ टक्क्यांना त्या वर्षात काहीच झाले नव्हते. त्यांना महागडे इंजेक्शन द्यायचे का? या प्रश्नाचा निकाल लागेपर्यंत निरोगी माणसाने हौसेने अँटी-सीसीपी तपासून घेण्यात अर्थ नाही.

तोवर जे हातात आहे

मग सर्वसामान्य रुग्णाने कशाची वाट पाहायची? आमवाताच्या बाबतीत, कशाचीच नाही. ग्लासगोमध्ये ११० रुग्णांची एक चाचणी झाली, ती २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. दोन्ही गटांना उपलब्ध होती ती जुनीच औषधे. एका गटाला नेहमीच्या पद्धतीने अधूनमधून तपासले. दुसऱ्या गटाला दर महिन्याला बोलावून सुजलेले सांधे मोजले, आणि सूज शिल्लक असेल तर लगेच औषध वाढवले. दीड वर्षाने पहिल्या गटातले १६ टक्के रोगमुक्त स्थितीत होते, दुसऱ्यातले ६५ टक्के. हा फरक महिन्याच्या महिन्याला झालेल्या तपासणीने आणि वेळेवर बदललेल्या मात्रेने पाडला. २०१३ मध्ये आलेल्या आणखी एका चाचणीत मेथोट्रेक्सेट पुरेसे पडत नसलेल्या रुग्णांना एकीकडे सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विनची जोड दिली, दुसरीकडे महागड्या इटॅनरसेप्टची. स्वस्त तिकडीचा गट मागे पडला नाही.

ही औषधे आपल्याकडे बनतात. महिन्याचा खर्च बहुतेकांच्या आवाक्यातला असतो आणि सरकारी रुग्णालयात साठा असेल तेव्हा ती मोफत मिळतात. अडते ते वेगळ्याच ठिकाणी. संधिवाततज्ज्ञ मोठ्या शहरांत एकवटलेले आहेत. दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी यायचे तर दिवसाची मजुरी बुडते, एसटीचे भाडे लागते आणि सोबत कोणीतरी लागते. मग गावातल्या पुड्यांचा आधार घेतला जातो. ‘जडीबुटी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा पुड्यांत अनेकदा स्टेरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत उतार पडतो म्हणून विश्वास बसतो, आणि वर्ष-दोन वर्षांनी रुग्ण येते ती सुजलेला चेहरा, वाढलेली साखर आणि झिजलेले सांधे घेऊन. अशा पुड्या घेत असाल तर त्या एकदम बंदही करू नका, डॉक्टरांना दाखवा. कारण अचानक स्टेरॉइड थांबवणे जिवावर बेतू शकते.

तालुक्याच्या रुग्णालयातला फिजिशियन हे आजार सांभाळू शकतो. मधुमेह, रक्तदाब यांच्यासाठी जसा ठरावीक वार असतो, तसा महिन्यातला एक वार आमवातासाठी ठेवला, सुजलेले सांधे मोजून केसपेपरवर आकडा लिहिला आणि औषधांचा साठा खंडित होऊ दिला नाही, तर ग्लासगोच्या जवळपास जाणे अशक्य नाही. त्यासाठी कोणत्याही नव्या शोधाची गरज नाही.

रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी काही गोष्टी. हाताच्या बोटांना किंवा मनगटांना सूज येऊन दोन-तीन आठवडे झाले आणि सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडत असेल, तर वेदनाशामक गोळ्या घेत बसू नका. सुरुवातीच्या काही महिन्यांत उपचार मिळाले तर सांधे वाचण्याची शक्यता सर्वाधिक असते. चिकनगुनियानंतरही हुबेहूब असेच दुखते आणि बहुतेकांचे कालांतराने थांबते. पण सूज टिकून राहिली तर तपासून घ्यावे.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. एक वार ठरवा आणि तो घरातल्या दुसऱ्या माणसालाही सांगून ठेवा. चुकून रोज घेतल्याने तोंडभर फोड येऊन रक्तपेशी कोसळलेले रुग्ण दरवर्षी वॉर्डात दाखल होतात आणि काही दगावतात. डॉक्टरांनी सांगितलेल्या दिवशी फॉलिक अ‍ॅसिड घ्या, दारू टाळा, ठरल्या वेळी रक्ताची आणि यकृताची तपासणी करा. ताप, तोंडात फोड किंवा कोरडा खोकला आणि धाप असेल तर पुढची मात्रा घेण्याआधी रुग्णालयात या. मूल हवे असेल तर आधी सांगा. मेथोट्रेक्सेट गर्भाला घातक आहे, पण गरोदरपणात चालणारी औषधे आहेत आणि वेळेवर बदल केला तर आमवात किंवा ल्युपस असलेल्या बहुतेक स्त्रिया सुखरूप आई होतात. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन वर्षानुवर्षे घेत असाल तर डोळ्यांचा पडदा डॉक्टर सांगतील तेव्हा तपासून घ्या.

पहिल्यांदा येताना जुने सगळे कागद आणा, घेतलेल्या गोळ्यांची पाकिटे आणि पुड्याही आणा. घरात किंवा शेजारी कोणाला क्षय झाला होता का ते आठवून या. आणि हात सकाळी सुजलेले दिसतात पण ओपीडीत येईपर्यंत उतरतात, असे होत असेल तर उठल्याबरोबर दोन्ही हातांचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. निदानाला त्याचा फार उपयोग होतो.